त्या वर्षी तुमचं वय काय?

कुणी एखादं लांबच्या मुदतीचं उद्दिष्ट सांगितलं, की व्यासराव त्या माणसाला त्याचं वय विचारायचे. आत्ताचं नव्हे, उद्दिष्ट पुरं होईल त्या वर्षीचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये. बंगळूरहून होसकोट्याकडे जाणाऱ्या महामार्गाचा पंचवीस वर्षांचा सुधारणा आराखडा लिहिण्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं आणि त्या दिवशी उद्दिष्टं ठरवण्याची कार्यशाळा होती. भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आमचे साहेब, नागपूरचे देशमुख, पडद्यासमोर उभं राहून सांगत होते की पंचवीस वर्षांनी या रस्त्यावर एकही माणूस अपघातात मरणार नाही. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ असलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी इंग्रजीत, अगदी नम्रपणे विचारलं, "त्या वर्षी तुमचं वय काय असेल, सर?"

देशमुखांनी मनात हिशोब केला. "त्र्याहत्तर."

"छान. म्हणजे तुम्ही असाल. लोक विचारायला येतील, पत्ता ठेवून जा."

हॉल हसला. मग ते एकेकाकडे बोट करत गेले आणि प्रत्येकाला आपापलं वय सांगावं लागलं. मी म्हटलं, "एकोणसाठ." शेवटी त्यांनी स्वतःचं सांगितलं. "सत्त्याण्णव. मी नसणार. त्यामुळे इथं सगळ्यात मोठमोठी वचनं मीच देऊ शकतो. म्हणून मला जास्त बोलू देऊ नका." आणि ते खाली बसले. देशमुख माझ्या कानात म्हणाले, "अपर्णा, हे आपले ॲडव्हायझर आहेत यार. क्लायंटनेच ठेवायला लावलेत. सांभाळून घे."

कुणाला सांभाळायचं ते मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. मी पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवते तर व्यासराव ताकाचा पेला घेऊन समोर उभे. "पुण्याच्या की तुमी?" मी उडालेच. "मराठी बोलता, सर?"

"घरात मराठीच. आमी हितलेच, बसवनगुडीचे. आमच्या पूर्वजांना कुणीतरी दक्षिणेत पाठवलं, कामगिरी संपली की परत या म्हणून. तीनशे वर्षं झाली, कामगिरी संपली म्हणून अजून कळवलं नाही कुणी." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "आणि सर म्हणू नको. सर म्हणजे खुर्ची. खुर्ची बारा वर्षांमागे गेली. अण्णा म्हण."

बारा वर्षांपूर्वी ते रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्याआधीची सगळी नोकरी याच महामार्गाच्या आसपास गेलेली. रस्ता दोन पदरी होता तेव्हापासून त्यांनी त्याला पाहिलेलं. आमच्या जयनगरच्या ऑफिसात ते आठवड्यातून दोनदा बसने यायचे, दप्तरातून स्टीलचा डबा आणि लाकडी पट्टी काढायचे आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मसुदा वाचायचे. कॉम्प्युटरवर वाचत नसत, छापून द्यावं लागे. कागदाच्या समासात ते शेरे लिहीत नसत, वयं लिहीत. उड्डाणपुलासमोर "देशमुख ६३", सहाव्या पदरासमोर "अपर्णा ४९". मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, यावरून मी काय दुरुस्ती करू?" तर म्हणाले, "दुरुस्ती करू नको. नुसतं बघून ठेव."

हे काम कसलं असतं ते थोडं सांगायला हवं. रस्त्याच्या आराखड्यात शेवटी तीन याद्या असतात. पहिल्या वर्षात करायची कामं, पाच-सात वर्षांत करायची आणि दीर्घकालीन. पहिल्या यादीला पैसे आणि माणसं मिळतात. दुसरीला बैठका मिळतात. तिसरीला सुंदर चित्रं मिळतात. कुणी एखादी मागणी केली आणि ती नाकारणं अवघड असलं, की ती तिसऱ्या यादीत जाते. कुणाचं मन मोडत नाही आणि कुणाचं काम वाढत नाही. दोन वर्षं मी या याद्या वरखाली करत होते. मसुद्यांचे आकडे वाढत गेले, माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही. सकाळी दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून मी ऑफिसला यायचे आणि दिवसभर ट्रॅफिक कमी करण्याची उद्दिष्टं लिहायचे. यातला विनोद पहिल्या महिन्यात संपला होता.

एका सकाळी व्यासराव म्हणाले, "चल. रस्ता बघू या." मी म्हटलं, ड्रोनचं शूटिंग आहे की. ते म्हणाले, "ते लांबीनं बघतं. गाडीवाल्याला रस्ता लांबीनं दिसतो, चालणाऱ्याला रुंदीनं. आपण ऑफिसातली सगळी लांबीची माणसं."

आम्ही बसने होसकोट्याच्या अलीकडे हुणसे गेट नावाच्या थांब्यावर उतरलो. हुणसे म्हणजे चिंच. चिंचेचं झाड रुंदीकरणात केव्हाच गेलं होतं, नाव उरलं होतं. एका बाजूला कारखान्यांची रांग, दुसऱ्या बाजूला वस्ती, मध्ये महामार्ग. पलीकडे जायला काही नाही. पांढरे पट्टे नाहीत, सिग्नल नाही, पूल नाही. दुभाजकावरच्या लोखंडी कठड्याचे दोन गज लोकांनी वाकवून एक माणूस जाईल एवढी फट केली होती. व्यासरावांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "ट्रककडे बघू नको, ट्रकच्या मागं काय येतं ते बघ." मला वाटलं, बहात्तर वर्षांचा माणूस, मीच त्यांना धरायला हवं. पण अर्ध्यात पोचलो तेव्हा मी कठडा धरून थांबले आणि ते त्या फटीतून आडवे होऊन सराईतपणे पलीकडे गेले.

पलीकडे शिफ्ट सुटली होती. बायकांचा घोळका रस्त्याच्या कडेला थबकून उभा होता. त्यातली एक ठेंगणी, केसात अबोलीचा गजरा, हातात डब्याची पिशवी. तिने व्यासरावांना पाहिलं आणि हसून एकच शब्द विचारला, "यावाग सार?" म्हणजे, केव्हा?

व्यासराव म्हणाले, "स्वल्प दिन, अम्मा." थोडे दिवस.

ती मान हलवून मुलीबरोबर पुढे झाली. मुलगी माझ्याच वयाची होती, त्याच कारखान्याचा गणवेश घातलेली. दोघी हातात हात घालून त्या फटीकडे पळाल्या. "ही रत्नम्मा," व्यासराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी एक काम करत होते, जे खरं तर पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. या रस्त्याचे जुने आराखडे एकापुढे एक ठेवून वाचत होते. आमच्या आधी तीन झाले होते. तिन्हींच्या तिसऱ्या यादीत हुणसे गेट होतं आणि तिन्हींत वाक्य तेच, शब्दाला शब्द: इथे पादचाऱ्यांसाठी सुरक्षित आणि सन्मानाने ओलांडता येईल असा, प्रकाशाची व्यवस्था असलेला भुयारी मार्ग असावा. प्रत्येक नव्या माणसाने मागच्याचं वाक्य उचललं होतं. मीही उचललं होतं. आमच्या मसुद्यात ते होतंच. मी व्यासरावांना म्हटलं, "अण्णा, बघा, कसले आळशी लोक. एकानंही वाक्य बदललं नाही."

"चांगलं वाक्य आहे," ते म्हणाले. "माझं आहे."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं. पहिला आराखडा झाला तेव्हा त्या पट्ट्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून लोक मोजत होते. एक पोटुशी मुलगी जवळ येऊन विचारू लागली, काय लिहिता? त्यांनी सांगितलं, इथं ओलांडायची सोय होणार. तिने विचारलं, केव्हा? पहिल्या यादीत त्यांनी लिहिलंही होतं. पांढरे पट्टे, दिव्याचा एक खांब आणि शिफ्ट सुटताना एक पोलीस. साधं काम, वर्षात झालं असतं.

"मग?"

"मग मला लाज वाटली," व्यासराव म्हणाले. "इतक्या बायका रोज जीव मुठीत धरून जातात आणि आपण त्यांना देणार काय, तर चुन्याचे पट्टे? नीट करू म्हटलं. भुयारी मार्ग, उतार, उजेड. कुणी सांगितलं नव्हतं मला. वरच्यांनी सहीसुद्धा केली होती पट्ट्यांवर. मीच ते काढून घेतलं आणि मोठं करून तिसऱ्या यादीत नेलं. लग्नात नाही का, मानाच्या पाहुण्याला आग्रह करून वरच्या पंगतीला नेतात, आणि वाढप तिथपर्यंत येतच नाही."

त्यांच्याकडे तिन्ही आराखड्यांच्या स्वतःच्या प्रती होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तरातून आणून मला दाखवल्या. त्या वाक्याच्या समासात पेन्सिलीने त्या त्या वेळचं वय लिहिलं होतं. पहिल्यात "रत्नम्मा २४". दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात ४५. आमच्या छापील मसुद्यात त्यांनी माझ्यासमोर ५७ लिहिलं. "पुढच्या वर्षी ती रिटायर होणार," ते म्हणाले. "मग तिला ओलांडायचं कारणच राहणार नाही. लेकीला राहील."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की माणूस कामाला लागतो, तशी मी लागले. आम्ही दोघांनी ठरवलं, हुणसे गेट या वेळी पहिल्या यादीत आणायचं. भुयार नको, लिफ्ट नको. पट्टे, किंचित उंचावलेला रस्ता आणि बटण दाबून थांबवायचा सिग्नल. व्यासराव रोज बजावायचे, "लहान काम आहे, लहान म्हणूनच माग. कुणी मोठं करून देतो म्हणालं तर पळून ये." चार महिने ती ओळ पहिल्या यादीत टिकली. दर बैठकीत कुणीतरी म्हणे की सिग्नलने गाड्यांचा वेग घटेल, आपलं मुख्य उद्दिष्ट प्रवासाचा वेळ कमी करणं आहे. दर वेळी व्यासराव उठून वय विचारायचे. लोक आता हसत नव्हते, घड्याळाकडे बघत. एकदा मी दमून टेबलावर डोकं टेकलं तेव्हा ते म्हणाले, "थकलीस म्हणून बस. त्यात काही नाही. थकलीस म्हणून सही करू नको."

शेवटच्या बैठकीच्या आधी चार दिवस त्यांना छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात ठेवलं. बैठकीला मी एकटी गेले. संध्याकाळ होत आली तरी याद्या संपत नव्हत्या. हुणसे गेटची ओळ आली तेव्हा क्लायंटचे मोठे अधिकारी, अतिशय सभ्य गृहस्थ, म्हणाले, "मॅडम, या भगिनींना नुसते पट्टे देणं मला बरं वाटत नाही. आपण चांगलं करू. पूर्ण भुयारी मार्ग, दोन्ही बाजूंना लिफ्ट, कॅमेरे. मी स्वतः मान्यता देतो. फक्त एवढं मोठं काम पहिल्या वर्षात बसणार नाही, ते तुम्हालाही कळतं."

मला ते कळलं. लिफ्ट हा शब्द ऐकून मला खरोखर आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागितल्यापेक्षा जास्त देत होतं. मी ओळ उचलली आणि तिसऱ्या यादीत ठेवली. देशमुखांनी टेबलाखालून अंगठा दाखवला. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

व्यासराव घरी आले होते. मी तशीच बसवनगुडीला गेले. त्यांच्या पत्नी इंदिराक्कांनी दार उघडलं, "ये की, काफी घेणार?" म्हणत आत नेलं. ते खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते, गाल बसलेले, कपाळावर गंध मात्र ताजं. मी दारातूनच सांगितलं, "अण्णा, हुणसे गेटला भुयारी मार्ग मंजूर. लिफ्टसकट."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या यादीत?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं मी काय केलं ते. इंदिराक्का काफी घेऊन आल्या, दोघांच्या तोंडाकडे पाहून पेले ठेवून परत गेल्या.

व्यासराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सरी, असू दे. त्या वर्षी तुझं वय काय?"

"एकोणसाठ."

"माझ्याहून बरी आहेस. तू असशील." मग म्हणाले, "एक कर. रत्नम्माला मी सारखं स्वल्प दिन म्हणून सांगत आलो. तेहतीस वर्षं. ते खोटं होतं, दर वेळी मला ठाऊक होतं. पट्टे नाही देता आले तर नाही. तू तिला खोटं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी देशमुखांपुढे जाऊन उभी राहिले. ओळ परत वर घेऊ या म्हटलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "आता कुठे मागे जातेस यार? मिनिट्स अप्रूव्ह झालेत. तूच साइन केलंय. आणि लिफ्ट मिळतेय ना, मग पट्टे कशाला मागतेस, ते विचारतील की नाही?" पुढच्या वर्षीच्या आढाव्यात मागता येईल, एवढं त्यांनी कबूल केलं. मी तसा अर्ज लिहून फायलीला लावला. तो अजून फायलीत आहे.

आराखडा छापून आला त्या आठवड्यात व्यासराव गेले. सकाळी पूजेला बसले होते, बसल्या जागीच. मी तेराव्याला गेले तेव्हा इंदिराक्कांनी दप्तर माझ्या हातात दिलं. "हे तुजं म्हणून सांगून गेले," म्हणाल्या. आत लाकडी पट्टी होती आणि चारही आराखडे. मी आमच्या मसुद्याचं ते पान काढलं. ५७ च्या खाली, पेन्सिलीने, आणखी एक ओळ होती. "अपर्णा ५९".

मला वाटलं होतं, मी रडेन. मी नुसती खूप दमून तिथल्या बाकावर बसून राहिले. इंदिराक्का शेजारी येऊन बसल्या.

परवा मी हुणसे गेटला गेले. एकटीच, बसने. शिफ्ट सुटायला अवकाश होता, म्हणून कडेला उभी राहिले. गजरा दिसला तशी पुढे झाले. रत्नम्माने माझ्या मागे पाहिलं, कुणाला तरी शोधत. माझं कन्नड रिक्षा आणि भाजीपुरतं. मी म्हटलं, "सार होगबिट्टरु," सर गेले. तिने पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. लेक तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आमच्या बाजूने ट्रक जात राहिले.

मग तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, "यावाग, अक्का?"

जिभेवर स्वल्प दिन आलंच होतं. किती सोपं असतं ते, तेव्हा समजलं. मी म्हटलं, "गोत्तिल्ल, अम्मा." ठाऊक नाही.

मला वाटलं, आता ती चिडेल. पण तिने मान हलवली, सावकाश, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट उत्तर दिल्यासारखी. मग पिशवी उचलली, एका हातात लेकीचा हात घेतला, दुसऱ्याने माझं मनगट धरलं, आणि ट्रकच्या मागे काय येतंय ते बघत आम्ही तिघी उभ्या राहिलो.